झाकणाखालची यतना

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ज्या जागेतून जातो ती ऐकणाऱ्याला दिसत नाही आणि वाजवणाऱ्यालाही क्वचितच दिसते. तारांखाली बसवलेल्या पिकअपमधून निघालेल्या बारीक वायरी लाकडात कोरलेल्या पोकळीत उतरतात. तिथे व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, सिलेक्टर स्विच आणि एखादा कपॅसिटर यांतून फिरून त्या जॅकपाशी पोहोचतात. वरून झाकण बसते, स्क्रू आवळले जातात आणि पुढची कित्येक वर्षे तो भाग अंधारात राहतो. घरी बसून हे वायरिंग करणाऱ्यापुढे त्यामुळे धर्मविचाराचा एक प्रश्न उभा राहतो. आवाज व्यवस्थित येत असेल, तर जे कुणी पाहणार नाही ते नीटनेटके करण्याला काय मोल? आणि मोल असेल, तर ते कुणाच्या लेखी?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील, गर्भगिरीच्या डोंगरांलगतच्या पाथर्डी तालुक्यात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. मढीला कानिफनाथांची समाधी आहे, मोहट्याला देवीचे ठाणे आहे आणि बीड जिल्ह्याच्या हद्दीलगत भगवानगडावर वारकरी परंपरेचा गड आहे. त्याच तालुक्यातल्या चिचोंडीत १९०० साली जैन आचार्य आनंदऋषी जन्मले. १९१३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांनी मिरी गावात दीक्षा घेतली आणि पुढे १९६४ साली ते स्थानकवासी श्रमणसंघाचे आचार्य झाले. त्यांच्या प्रेरणेने १९३६ साली पाथर्डी गावात श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. शाळा-कॉलेजच्या परीक्षांसारख्या पायरीपायरीने धर्मशास्त्राच्या परीक्षा घेणारी ही संस्था आहे. भक्तीचे उत्तर आणि श्रमणांचे, म्हणजे जैन साधूंचे, उत्तर असे दोन्ही पाथर्डीच्या पंचक्रोशीत कानावर पडते.

विजेवर चालणारे तंतुवाद्यही या भागाला परके नाही. वरातीत वाजणारा बेंजो हा मूळचा बुलबुलतरंग. त्याच्या तारांखाली पिकअप, कडेला व्हॉल्यूमचा पॉट आणि जॅक बसवलेला असतो. त्याच्या पोटातले वायरिंग आणि गिटारच्या पोटातले वायरिंग यांत तत्त्वाचा फरक नाही. पुढे जे गिटारबद्दल म्हटले आहे ते बेंजोलाही लागू पडते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हा नियम. साध्या गिटारच्या आत बॅटरी नसते आणि घरातली वीजही आत येत नाही. जी काही वीज असते ती बोटाने छेडलेल्या तारेतून तिथेच जन्मते आणि ती अगदी दुबळी असते. दुबळी असल्यामुळे आजूबाजूचे सगळे तिच्यात मिसळते. ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर आणि भिंतीतून धावणारी ५० हर्ट्झची वीज यांची गुणगुण तिच्यावर स्वार होते. वायरिंग करायचे म्हणजे या अशक्त संदेशाला सुखरूप बाहेर पोहोचवायचे.

नीटनेटकेपणाचे पहिले समर्थन उपयोगाचे असते आणि ते काही प्रमाणात खरे आहे. पॉटच्या पाठीवर ग्राउंडची वायर जोडायची असते, तेव्हा त्या पत्र्याला आधी पुरेसे तापवावे लागते. साठ-चाळीसचे कथील-शिशाचे सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. सोल्डरिंग आयर्नचे टोक सुमारे ३५० अंशांवर असते. तरीही पत्रा मोठा असल्याने तो उष्णता ओढून घेतो. २५ वॅटचे आयर्न तिथे दमते. घाई करणारा मग सोल्डर टोकावरच वितळवतो आणि वरून थेंब पाडतो. थेंब गोल, फुगीर, मळकट दिसतो. पत्र्याला तो चिकटलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. दुरुस्ती करणारे याला ड्राय सोल्डर म्हणतात. आज आवाज येतो. सहा महिन्यांनी गिटार जरा आपटली की खरखर सुरू होते. उलट पत्रा आधी खरवडून, फ्लक्स लावून, वायरीच्या टोकाला आधी कल्हई देऊन, मग पत्रा आणि वायर दोन्ही एकत्र तापवून सोल्डर आत ओढू दिले, तर सांधा पसरट, कडेला पातळ होत गेलेला आणि चकचकीत होतो. सोल्डर गार होईपर्यंत वायर हलू द्यायची नाही, एवढे मात्र पाळावे लागते. नीटपणा इथे सरळ उपयोगाचा आहे.

पोकळीला आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो ग्राउंडला जोडणे हेही उपयोगाचे. त्याने ट्यूबलाइट-चार्जरची चिरचिर बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची गुणगुण मात्र तांब्याने अडत नाही. तिच्यासाठी उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे हमबकर, लागतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली तो सिद्ध केला.

उपयोगाचे समर्थन इथपर्यंत पोहोचते आणि इथे थांबते. वायर काटकोनात वळवली की सैल सोडली, ती पॉटच्या उजवीकडून नेली की डावीकडून, ग्राउंडला काळी आणि संदेशाला पांढरी असा रंगांचा नेम पाळला की हाताला लागेल ती वापरली, याने कानाला काही फरक पडत नाही. सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच बिंदूवर आणाव्यात असा आग्रह धरला जातो. गिटारच्या एवढ्याशा पोकळीत त्याचाही आवाजावर परिणाम फार थोडा. सांधे पक्के असतील तर गुंतवळ झालेले वायरिंगही चांगलेच वाजते. ज्याला नीटनेटकेपणा प्रिय आहे त्याने ही गोष्ट मान्य केली पाहिजे, नाही तर तो स्वतःच्या आवडीला विज्ञानाचे कपडे घालतो. उपयोगाला थोडे ताणून असे म्हणता येईल की पुढे कधी तरी दुसरा माणूस झाकण उघडेल आणि त्याला वायरी ओळखू याव्यात. हे योग्यच आहे. पण ज्याला ठाऊक आहे की ही गिटार दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही, त्याच्यापुरता प्रश्न तसाच उरतो. झाकलेल्या कामातले उपयोगापलीकडचे नीटपण हा निव्वळ छंद आहे की त्याला धर्मात जागा आहे?

भक्तीचे उत्तर या जिल्ह्यातूनच महाराष्ट्रभर गेले. पाथर्डीच्या उत्तरेला त्याच जिल्ह्यात नेवासे आहे, आणि तिथे शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अठराव्या अध्यायात स्वतःच्या वाट्याला आलेल्या कर्मांना ईश्वराच्या पूजेची फुले मानले आहे. काम आणि पूजा या दोन वेगळ्या वेळा राहत नाहीत; हातातले काम हेच वाहायचे द्रव्य ठरते. वाहायचे फूल कुणी देठाजवळून कुजलेले निवडत नाही. मग पॉटच्या पाठीवरचा सांधाही ओबडधोबड सोडवत नाही.

या उत्तरावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. देव झाकणाखालीही पाहतो म्हणून नीट करायचे, असे म्हटले तर देव हा न दिसणारा तपासनीस होतो आणि काम त्याच्या धाकाने होते. मग माणसाच्या नजरेच्या जागी फक्त मोठी नजर आली. नजरेवाचून काम नीट होत नाही ही अवस्था कायम राहिली. भक्तिपरंपरेचे म्हणणे मात्र असे नाही, आणि ते समजून घ्यायला हरिनाम सप्ताहातल्या वीणेकडे पाहावे. भगवानगडाच्या परिसरात आणि तालुक्यातल्या गावोगावी सप्ताह बसतो. त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची वेळ संपली की एक वीणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात ती घालतो, पाया पडतो आणि मगच बाजूला होतो. कीर्तनाच्या वेळी मंडप भरलेला असतो. पहाटे तीनला तिथे वीणेकरी आणि दोन-चार झोपलेली माणसे असतात. त्या वेळचा पहारा कुणी ऐकत नाही, कुणी मोजत नाही. तरी वीणा चालू असते, आणि ती चालू आहे की नाही हे पाहायला देव येईल अशा भीतीने कुणी ती वाजवत नाही. ज्याच्यासाठी वाजवायचे तो आहेच, या खात्रीने ती वाजते. धाक आणि खात्री यांत मनाची ठेवण वेगळी असते. धाकाने केलेले काम पुरेसे झाले की हात थांबतो. खात्रीने केलेल्या कामाला पुरेसे ही मोजणीच लागू होत नाही. भक्ताचे उत्तर म्हणून हे पूर्ण आहे.

पण ते भक्ताचे आहे. ज्याला वाहायचे कुणी नाही त्याच्यापुढे ते पोहोचत नाही. आणि पाथर्डीतली दुसरी परंपरा नेमकी तिथून सुरू होते, कारण जैन दर्शनात जग निर्माण करणारा, पाहणारा आणि फळ देणारा ईश्वर नाही. तीर्थंकर पूज्य आहेत, पण ते कुणाच्या कामाची दखल घेत नाहीत. कर्माचा बंध आपोआप होतो, करणाऱ्याच्या त्या क्षणीच्या भावाप्रमाणे. झाकण असो वा नसो, या हिशेबात फरक पडत नाही, कारण पाहणारा बाहेर कुठेच नव्हता.

या परंपरेच्या आचारविचाराचा कणा म्हणजे यतना, अर्थात जागेपणाने, जपून केलेली हालचाल. स्थानकवासी ज्या ३२ आगमांना प्रमाण मानतात त्यांत दशवैकालिक सूत्र आहे. आर्य शय्यंभवांनी ते आपला अल्पायुषी मुलगा मनक याच्यासाठी रचले, असे परंपरा सांगते. त्याच्या चौथ्या अध्ययनात शिष्य विचारतो की चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, खाणे, बोलणे या साऱ्यांनी पाप लागत असेल तर जगायचे कसे. उत्तरात कुठलीही क्रिया सोडायला सांगितलेली नाही. त्याच सगळ्या क्रिया एकेक करून पुन्हा उच्चारल्या आहेत आणि प्रत्येकीला यतनेची जोड दिली आहे. या उत्तराची थोरवी अशी की जपून करण्याचे निमित्त बाहेरच्या परिणामावर सोडलेले नाही. दिगंबर आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात हेच टोकाला नेऊन मांडले: जीव मरो वा वाचो, जो अजागृतपणे वागतो त्याची हिंसा झालीच, आणि जो जागा आहे त्याला, त्याच्या हातून बाहेर घात घडला तरी, तेवढ्याने बंध होत नाही. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो आणि प्राणघात नंतर.

साधूंच्या पाच समित्यांपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाळायची सावधगिरी. पात्र, वस्त्र, पुस्तक उचलण्याआधी पाहायचे, पुंजायचे म्हणजे मऊ झाडणीने हलकेच झाडायचे, मग हलवायचे. ठेवायची जागाही आधी पाहायची. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या वस्तूंचे पडिलेहण, म्हणजे बारकाईने निरीक्षण, हा याचाच भाग. आता शंका अशी येते की हा साधूचा आचार आहे, त्यात रक्षण करायचे ते सूक्ष्म जीवांचे. गिटारच्या वायरींशी त्याचा काय संबंध? ही शंका योग्य आहे आणि ती बाजूला सारून साधूचे नियम कारागिरीला चिकटवणे बरोबर नाही. पण गृहस्थाच्या बारा व्रतांतले आठवे व्रत इथे थेट लागू पडते. ते अनर्थदंड विरमण व्रत, म्हणजे निष्कारण होणारी हिंसा टाळणे. तिचा एक प्रकार प्रमादाचरित म्हणून सांगितला आहे, आणि त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे तेला-तुपाचे भांडे उघडे ठेवणे. घरात तेल वापरणे गृहस्थाला सुटत नाही. त्यातली अपरिहार्य हिंसा आरंभी हिंसेत मोडते. भांड्यावर झाकण न ठेवल्याने जो किडा त्यात पडून मरतो तो मात्र कुणाच्याच कामी आला नाही. तो केवळ आळसाने मेला.

गरम सोल्डरिंग आयर्न स्टँडवर न ठेवता टेबलाच्या कडेला टेकवून फोन घ्यायला उठणे हे त्याच जातीचे आहे. पावसाळ्याच्या रात्री दिव्याखाली हे काम चालले असेल तर पाखरे येतातच, आणि ३५० अंशांच्या टोकावर पाखरू क्षणात जळते. काम दिवसा, खिडकीपाशी करावे. खिडकी दुसऱ्याही कारणासाठी हवी: फ्लक्समधल्या राळेचा धूर श्वासाला बाधतो आणि दमा उत्पन्न करू शकतो, हे आरोग्यशास्त्राने नोंदवले आहे. सोल्डरमध्ये शिसे असते. जेवणाच्या ताटावर त्याचे थेंब पाडायचे नाहीत, खाली पडलेले कण रांगत्या मुलाच्या हाती लागू द्यायचे नाहीत, काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. माळ्यावर पडून असलेली गिटार उघडली तर पोकळीत कोळ्याची जाळी आणि मुंग्यांची वस्ती सापडणे नवलाचे नाही. आधी उजेडात पाहायचे, मऊ ब्रशने हलकेच बाहेर काढायचे, मग आयर्न तापवायचे. हा क्रम उलटा झाला तरी गिटार तितकीच चांगली वाजेल. यतनेचा हिशेब गिटारच्या आवाजाशी नाही.

यातून वायरींच्या नीटपणाचेही उत्तर निघते. वायर मापून कापणे, तिचे कवच हवे तेवढेच सोलणे, सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवणे, रंगांचा नेम पाळणे, यांतले प्रत्येक काम करताना नजर तिथेच असावी लागते. गुंतवळ ही बहुधा नजर दुसरीकडे असल्याची खूण असते. नीट वायरिंगचे मोल त्याच्या दिसण्यात नाही आणि त्याला कुणी पाहण्यातही नाही. ते करताना करणारा जागा होता यात आहे. पाहणाऱ्याचा प्रश्न इथे गळून पडतो. भक्ताने तो सदैव असलेल्या देवाच्या खात्रीने सोडवला, श्रमणाने पाहणाराच काढून टाकून सोडवला. हात मात्र दोघांचेही पॉटच्या पाठीवर सारखेच सावकाश चालतात.

विजेबद्दल जैन परंपरेत एक जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे, आणि विजेच्या वाद्याच्या चर्चेत तो टाळता येत नाही. षड्जीवनिकायांत, म्हणजे जीवांच्या सहा प्रकारांत, तेजस्काय, म्हणजे अग्नी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव, येतात. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात तेजस्कायाच्या प्रकारांत आकाशातली वीज गणली आहे. मग तारेतून वाहणारी वीज सचित्त म्हणजे सजीव, की अचित्त म्हणजे निर्जीव? सचित्त मानणाऱ्यांच्या मते साधूने तिचा वापर करणे, तिच्या वापराला अनुमोदन देणे, दोन्ही व्रतभंग. अचित्त मानणाऱ्यांचे म्हणणे असे की अग्नीला हवा लागते, बंद दिव्यातल्या तारेला ती मिळत नाही, आणि धातूतला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह म्हणजे ज्योत नव्हे. तेरापंथात हे मत मांडले गेले. स्थानकवासी समाजात १९५२ साली सादडीला श्रमणसंघ स्थापन झाल्यानंतर साधूंनी प्रवचनाला ध्वनिवर्धक वापरावा की नाही हा वाद मोठा झाला. गिटारचा अँप्लिफायर म्हणजे तेच यंत्र. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटू शकतो. पण आपला आवाज लांब पोहोचावा यासाठी कुणाची तरी हानी होते का, असे बोलण्याआधी थांबून विचारणारी माणसे विरळ आहेत आणि त्यांचा आदर करायला हवा. गृहस्थाने विजेचा वापर पत्करलेला असतोच. ती सचित्त असेल तर जपून आणि गरजेपुरती वापरणे हे व्रत ठरते. अचित्त असेल तरी तिच्या झटक्याने मरणारा माणूस सचित्तच आहे.

वायरिंगमध्ये एक वायर अशी आहे जिच्यात हे सारे विचार एकत्र येतात. ब्रिजच्या खाली, लाकडातल्या बारीक भोकातून एक वायर निघते आणि पॉटच्या पाठीवरच्या ग्राउंडला जोडलेली असते. ब्रिज धातूचा, तारा धातूच्या. म्हणून वाजवणाऱ्याचे बोट तारेला लागले की त्याचे शरीर ग्राउंडशी जोडले जाते. माणसाचे शरीर आजूबाजूच्या विजेचे क्षेत्र अँटेनासारखे पकडत असते. तारांना हात लागताच गुणगुण खाली बसते ती याच वायरीमुळे. वाजवणारा असा स्वतःच सर्किटचा भाग होतो. मल्टीमीटर लावला तर ब्रिजपासून जॅकच्या बाहेरच्या कडीपर्यंत एक-दोन ओहमपेक्षा जास्त रोध दिसता कामा नये.

हीच वायर घातकही ठरू शकते. अँप्लिफायरच्या पेटीला आतून करंट उतरला आणि घराला अर्थिंग नसेल, तर तो करंट शील्ड वायरीतून गिटारच्या तारांपर्यंत येतो. त्याच वेळी वाजवणाऱ्याचा हात किंवा ओठ नीट अर्थ असलेल्या मायक्रोफोनला लागला की प्रवाह त्याच्या छातीतून जातो. दोष उलट बाजूलाही असू शकतो. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सी इथे कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. प्लगची तिसरी, जाड पिन मोकळी सोडली की गुणगुण जाते असा शोध अनेकांना लागतो आणि ते दोन पिनांचा अडॅप्टर लावून मोकळे होतात. गुणगुण घालवण्यासाठी माणसाचे रक्षण काढून टाकणे यापेक्षा वाईट सौदा नाही. अर्थिंग तोडून शांतता विकत घेऊ नये. शील्डिंग सुधारावे, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत, आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा.

पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण, मुरमाड जमिनीच्या तालुक्यात अर्थिंगची स्वतःची अडचण असते. कोळसा आणि मीठ घालून पुरलेल्या पट्टीचे काम तिच्याभोवतीच्या मातीच्या ओलीवर चालते. एप्रिल-मे महिन्यांत खड्डा कोरडा पडतो, रोध चढतो, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकात वायर असूनही जमीन मिळत नाही. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. टँकरच्या दिवसांत एक बादली पाणी जमिनीत ओतणे जिवावर येते. तो खड्डा घरामागे झाकलेला असतो, त्यात पाणी आहे की नाही कुणी विचारत नाही, आणि ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे त्याला त्याची कल्पनाही नसते. झाकलेल्या कामाचा धर्माशी काय संबंध, याचे याहून रोकडे उत्तर गिटारच्या पोकळीत मिळणार नाही. पोकळीतले वायरिंग कितीही देखणे झाले तरी घराची अर्थिंग कोरडी असेल तर यतना अर्ध्या वाटेवर सुटली.

नीटपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण त्याचा अतिरेक होतो आणि तो लपूनही राहतो. झाकण लावण्याआधी फोटो काढून दाखवण्यासाठी केलेले काम झाकलेले राहत नाही. ते नजरेसाठीच झालेले असते. जैन मनोविचारात मान, म्हणजे अहंकार, हा चार कषायांपैकी म्हणजे मनाच्या विकारांपैकी एक आहे, आणि कौशल्याचा मान संपत्तीच्या मानाहून सूक्ष्म म्हणून सोडायला अवघड. परिग्रहाची व्याख्याही वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मूर्च्छेवर म्हणजे आसक्तीवर केली आहे. पुरेसा चांगला पॉट बदलून महागडा, चांगला कपॅसिटर काढून जुन्या काळचा दुर्मीळ, असे चालत राहिले की गिटार वाजण्याऐवजी उघडीच पडून राहते. ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर आणि तेवढ्याच मापाचा महाग कपॅसिटर यांतला फरक गिटारच्या टोन सर्किटमध्ये कानाने पकडणे फार अवघड आहे. साध्या सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे आणि हमबकरला ५०० किलोओहमचे पॉट बसले, सांधे पक्के झाले, ब्रिजची वायर जोडली गेली की गरज संपली. त्यापुढच्या प्रत्येक बदलाला विचारावे की तो वाद्यासाठी आहे की करणाऱ्याच्या समाधानासाठी. समाधानासाठी असला तर तो पाप नव्हे, पण त्याला साधना म्हणू नये.

काम संपल्यावर तपासणी येते, आणि तिथेही परंपरेकडे सांगण्यासारखे आहे. जैन श्रावक प्रतिक्रमणात दिवसभरातले दोष आठवून त्यांची आलोचना करतो. त्यात दोष मोघम कबूल केलेले नसतात. प्रत्येक व्रताचे अतिचार, म्हणजे व्रत पाळताना होणारे दोष, ठरलेले आहेत आणि एकेक घेऊन विचारले जाते. वायरिंगची तपासणी अशीच व्रतवार करावी लागते. जॅकच्या टोकापासून व्हॉल्यूमच्या मधल्या पायापर्यंत संदेश जातो का. कडीपासून ब्रिजपर्यंत ग्राउंड पोहोचतो का. संदेश आणि ग्राउंड कुठे एकमेकांना टेकत नाहीत ना. स्विचच्या प्रत्येक जागी अपेक्षित पिकअप बोलतो का, हे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पिकअपवर हलकेच टकटक करून ऐकायचे. प्रत्येक वायर चिमट्याने जरा ओढून पाहायची. सैल निघाली ती जागा पुन्हा तापवून जुने सोल्डर काढून टाकायचे आणि सांधा नव्याने घालायचा, कारण ड्राय सोल्डरवर वरून आणखी थर चढवला तर आतला दोष तसाच राहतो. सगळे जुळले की कागदावर वायरिंगची आकृती काढून, पॉटची आणि कपॅसिटरची मापे आणि तारीख लिहून, ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि झाकण बसवून स्क्रू लाकडाला चीर न जाईल इतपतच आवळावेत.